आकडा आला कोठून?

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि संगणक यांचे नाते काय असावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर जणू आधीच ठरून गेले आहे. प्रोग्रॅम लिहिणे हे विज्ञान शाखेचे काम. आपण वाणिज्यवाल्यांनी तयार प्रणाली उघडावी, रकान्यांत आकडे भरावेत आणि छापील कागद बाहेर काढावा. दहावी झाली की एमएस-सीआयटी, पदवीच्या काळात टॅली, आणि नोकरी लागल्यावर कचेरीत जे असेल ते, असा हा रुळलेला रस्ता आहे. या रस्त्याने गेलेल्या कित्येकांचे भले झाले आहे, हे मी नाकारीत नाही. मीही त्याच रस्त्याने चालले आहे.

पण मित्रहो, या सगळ्या शिक्षणात एक गोष्ट आपल्याला कोणी दाखवीत नाही. पडद्यावर जो आकडा उमटतो तो तयार कसा होतो? माझे मत असे आहे की, वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी निदान एक लहानसा प्रोग्रॅम स्वतः लिहावा, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून तो स्वतः कंपाइल करावा आणि चालवून पाहावा. त्यामुळे नोकरी मिळेल असे मी म्हणत नाही. आकडा आला कोठून, हे विचारण्याची आणि शोधण्याची सवय लागेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा विचार पक्का झाला तो गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. माझी आत्या भोपाळला, नेहरू नगराशेजारच्या कोटरा सुल्तानाबाद भागात राहते. आतोबा सेवानिवृत्त आहेत, आणि रिकामा माणूस पाहून रहिवासी समितीने हिशेब तपासण्याचे काम त्यांच्या गळ्यात घातले आहे. समितीची बिले संगणकावर निघतात. मे महिन्यात एका शेजाऱ्यांच्या बिलावरून वाद झाला. त्यांच्याकडे ४,८०० रुपये पाच महिने थकले होते. व्याजाचा दर वर्षाला १८ टक्के. शेजाऱ्यांनी कागदावर हिशेब मांडला, तो ३६० रुपये आला. बिलावर छापून आले होते ३७१. अकरा रुपयांसाठी दोन संध्याकाळी वाद चालला. समितीचे चिटणीस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, ‘कंप्यूटर ने निकाला है, गलत कैसे होगा?’ ज्याने ती प्रणाली विकली त्याला दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर मिळाले की सिस्टिममध्ये तसेच आहे.

माझा आतेभाऊ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होती. आम्ही दोघांनी बसून पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो एकदा सरळ व्याज काढीत होता आणि एकदा दरमहा चक्रवाढ. उत्तरे आली ३६० रुपये आणि ३७० रुपये ९६ पैसे. म्हणजे यंत्राने चूक केली नव्हती. त्याला कोणीतरी दरमहा चक्रवाढीने व्याज लावायला सांगून ठेवले होते. आतोबांनी ठरावाची वही काढली. तीत ‘सरळ व्याज’ असे स्वच्छ लिहिलेले होते. बिल दुरुस्त झाले. हे गणित कागदावरही झाले असते हे खरे. पण कागदावरचे गणित एका घराचे. आमच्या त्या चिमुकल्या प्रोग्रॅमने थकबाकी असलेल्या साऱ्या घरांची बिले त्याच बैठकीत तपासून दिली.

आता प्रत्यक्ष कृती काय करावी लागते ते सांगते, म्हणजे यात बाऊ करण्यासारखे किती थोडे आहे ते ध्यानात येईल. साध्या मजकुराच्या फाइलीत सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा. फाइलीला नाव द्यायचे ‘व्याज.सी’. मग टर्मिनल उघडून एक ओळ टाइप करायची: ‘जीसीसी व्याज.सी -ओ व्याज’. (आज्ञेची अक्षरे आणि ‘सी’ ही शेपटी रोमन लिपीत टाइप करावयाची असतात, येथे वाचण्याच्या सोयीसाठी नागरीत लिहिली आहेत.) जीसीसी हे कंपायलरचे नाव, ‘-ओ’ नंतर येते ते तयार होणाऱ्या फाइलीचे नाव. आपण नाव दिले नाही, तर कंपायलर आपल्या मर्जीने ‘ए.आउट’ असे नाव ठेवतो. ते ‘असेंबलर आउटपुट’ या शब्दांचे जुने लघुरूप आहे. व्यवस्था बदलली तरी नाव मागे राहिले. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांच्या नावांसारखेच. नंतर ‘./व्याज’ अशी दुसरी ओळ टाइप केली की प्रोग्रॅम चालतो. तो टिंब आणि ती तिरकी रेघ म्हणजे ‘याच फोल्डरमधला’. केवळ ‘व्याज’ म्हटले तर यंत्र ठराविक जागीच शोधते आणि असा कोणी नाही म्हणून सांगते. ही खबरदारी मुद्दाम घेतलेली आहे. एखाद्याने नेहमीच्या आज्ञेच्या नावाची भलतीच फाइल तुमच्या फोल्डरमध्ये आणून ठेवली, तर ती चुकून चालू होऊ नये, यासाठी.

एक गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. प्रोग्रॅम बिनचूक कंपाइल झाला तर कंपायलर काहीच बोलत नाही. ना अभिनंदन, ना हिरवी खूण. नुसती पुढची रिकामी ओळ. बोलतो तो चूक असेल तेव्हाच. आणि तेव्हा किती नेमके बोलतो! कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर, कितव्या अक्षरापाशी अडले ते आकड्यांनी सांगतो आणि खाली बाणासारखी खूणही करतो. कधी एका विसरलेल्या अर्धविरामाने दहा तक्रारींची रांग लागते. तेव्हा घाबरून न जाता पहिली तक्रार तेवढी दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावे. बाकीच्या बहुधा आपोआप नाहीशा होतात. जमाखर्चात एक रक्कम चुकली की पुढच्या साऱ्या बेरजा चुकतात आणि मुळाशी गेले की साऱ्या जुळतात, तसाच हा प्रकार आहे.

या आज्ञेच्या पोटात चार कामे एकामागून एक होतात. प्रोग्रॅमच्या डोक्यावर ज्या बाहेरच्या फाइलींचा उल्लेख असतो त्यांचा मजकूर प्रथम आत आणून ठेवला जातो. पंधरा ओळींच्या त्या वेळी शेकडो ओळी होतात. दुसऱ्या टप्प्यात त्या मजकुराचे यंत्राच्या जवळच्या, ‘असेंब्ली’ नावाच्या भाषेत रूपांतर होते. तिसऱ्यात त्याचे शून्य-एकाच्या सांकेतिक रूपात रूपांतर होते. चौथ्यात ते रूप तयार ग्रंथालयांतील तुकड्यांशी जोडले जाते, कारण पडद्यावर आकडा छापण्याचे काम आपण लिहिलेले नसते, ते आयते घेतलेले असते. आज्ञेत ‘-सेव्ह-टेम्प्स’ असे शब्द घातले तर या मधल्या टप्प्यांच्या फाइली पुसल्या जात नाहीत. उघडून पाहता येतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपण रोजकीर्दीवरून एकदम ताळेबंद मांडीत नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि मग अंतिम खाती, असे टप्पे असतात. ते का असतात? कोणी विचारले की हा आकडा कोठून आला, तर मागे मागे जाऊन मूळ पावतीपर्यंत पोचता यावे म्हणून. एक उदाहरण देते. चक्रवाढ व्याजासाठी आम्ही ‘पॉव’ हे घात काढणारे तयार साधन वापरले. कंपायलरने तक्रार केली की ‘पॉव’चा पत्ता लागत नाही. प्रोग्रॅम व्याकरणदृष्ट्या शुद्ध होता; पहिले तीन टप्पे पार पडले होते. अडले होते चौथ्या टप्प्यावर, कारण गणिताचे ग्रंथालय वेगळे असते आणि ते हवे असल्यास आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ असे लिहून मागावे लागते. टप्पे ठाऊक असले की तक्रार कोणत्या टप्प्यावरची आहे हे कळते, आणि निम्मे काम तेथेच होते.

पण याहून मोठा धडा पुढे आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे मानणाऱ्याला आपले प्राध्यापक पहिल्याच वर्षी ताकीद देतात. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा यंत्रसामग्रीची खरेदी मालाच्या खरेदीत दाखविली, तरी तेरीज जुळते. कंपायलरचेही नेमके असेच आहे. समजा, सी भाषेत कोणी लिहिले की मुद्दलाला ‘दर भागिले १००’ने गुणा, आणि सर्व संख्या पूर्णांकी ठेवल्या. दर १८ असेल तर १८ भागिले १०० याचे पूर्णांकी उत्तर शून्य, व्याजही शून्य. कंपायलर अवाक्षर काढणार नाही. सर्व सूचना मागण्यासाठी ‘-वॉल’ असे लिहिले तरी नाही. तेच आधी गुणाकार आणि शेवटी भागाकार असे लिहिले की उत्तर बरोबर येते. पदावली त्याच संख्यांची, पण क्रम बदलल्याने एक कर्जदार बिनव्याजी सुटतो!

अपूर्णांक वापरले तर दुसरा घोटाळा. आपण दहाच्या पटीत मोजतो, यंत्र दोनाच्या. त्यामुळे दहा पैसे म्हणजे ०.१० ही साधी रक्कम यंत्राला तंतोतंत साठविता येत नाही. जसे एक तृतीयांश आपल्याला दशांशात संपविता येत नाही, तसे. यंत्राच्या नेहमीच्या अपूर्णांकी हिशेबात ०.१० अधिक ०.२० हे ०.३० च्या बरोबर आहे काय असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असे येते. म्हणून पैशाचा हिशेब करणारे जाणकार रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतात. तेथेही मर्यादा आहेच. आजच्या संगणकांवर सी भाषेतील साध्या ‘इंट’मध्ये सर्वांत मोठी संख्या मावते ती २,१४,७४,८३,६४७. पैशांत धरले तर दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. एखाद्या गावच्या पतसंस्थेच्या ठेवीसुद्धा याच्या पुढे असू शकतील. तेथे मोठ्या मापाचा पूर्णांक घ्यावा लागतो. हे सारे ज्ञान टॅलीच्या पडद्यावर मिळत नाही. ते मिळते स्वतः लिहून, स्वतः कंपाइल करून आणि कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहण्यात.

कोणी म्हणेल, अकरा रुपयांच्या वादावरून एवढा प्रपंच कशाला? तर ब्रिटनमधील उदाहरण पाहावे. तेथील टपाल कंपनीने १९९९ पासून शाखाशाखांतून ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसविली. ती फुजित्सू कंपनीची होती. प्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. तूट दिसली म्हणून शाखा चालविणाऱ्यांवर चोरीचे आणि खोटे हिशेब लिहिल्याचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरेदारे गेली. ॲलन बेट्स या माजी शाखाचालकाने इतरांना सोबत घेऊन वर्षानुवर्षे लढा दिला; २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले, आणि २०२४ साली संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. इतक्या वर्षांत यंत्राचा आकडा प्रमाण आणि माणसाचा शब्द खोटा, असेच धरले गेले. ‘कंप्यूटर ने निकाला है’ हे वाक्य केवळ भोपाळच्या वसाहतीत बोलले जात नाही. ते न्यायालयातही बोलले जाते, आणि तेथे त्याची किंमत अकरा रुपये नसते. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत, कोणी लेखापरीक्षकाच्या कचेरीत, कोणी पतसंस्थेत बसणार आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण हेच वाक्य ऐकविणार आहोत काय?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप इंग्रजीचा. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. त्यामुळे या आक्षेपाची धार मला ठाऊक आहे. पण अनुभव वेगळा आहे. सी भाषेच्या पहिल्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२. त्यातले आठ-दहा आले की व्याजाचा प्रोग्रॅम लिहिता येतो. शिवाय फाइलीचे नाव नागरीत ठेवले तरी लिनक्सला चालते, आणि २०२० साली आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून प्रोग्रॅममधील राशींची नावेही नागरीत लिहिता येतात. ‘मुद्दल’, ‘दर’, ‘मुदत’ अशी नावे आम्ही दिली आणि कंपायलरने ती मुकाट्याने स्वीकारली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी आपल्या लिपीत ‘असलु’ आणि ‘बड्डि’ अशी नावे दिली तर तीही चालतील. टर्मिनलच्या खिडकीत वेलांट्या आणि जोडाक्षरे कधी कधी विस्कटलेली दिसतात हे खरे. पण हिशेब विस्कटत नाही.

शिकविण्याच्या भाषेचीही सोय झालेली आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात सी भाषेचे धडे आहेत, ते लिनक्सवर जीसीसी वापरूनच शिकविले आहेत, आणि ते मराठीत तसेच कन्नडमध्येही ऐकायला मिळतात. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण ११ भारतीय भाषांतून देण्यास मान्यता दिली. त्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही आहेत. भोपाळलाच १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. शरीरशास्त्र हिंदीत शिकविता येते, तर पंधरा ओळींचा प्रोग्रॅम मराठीत समजावून सांगता येणार नाही काय? शब्द इंग्रजीच राहू द्यावेत. जीसीसीला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. समजावणी मात्र आपल्या भाषेत व्हावी.

दुसरा आक्षेप असा की, बटण दाबून होणारे काम आज्ञा टाइप करून का करावे? आपल्या देशात एका पिढीने सी भाषा टर्बो सी या प्रणालीवर गिरविली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने देशभर असंख्य विद्यार्थ्यांना सी शिकविली, हे आपल्याला अभिमानास्पद आहे. परंतु १९८७ साली आलेली टर्बो सी ही निळ्या पडद्याची प्रणाली कित्येक महाविद्यालयांनी दशकानुदशके सोडली नाही. कंट्रोल आणि एफ-९ दाबले की प्रोग्रॅम चालतो, मधे काय घडले ते दिसत नाही. तेथे सवयीने वापरलेली ‘कोनिओ.एच’ ही फाइल लिनक्सवर सापडत नाही आणि पहिल्याच ओळीला गाडी अडते. आज्ञेच्या ओळीवर शिकलेल्याचे असे होत नाही, कारण टप्पे त्याच्या ओळखीचे असतात. शिवाय ही ओळ जुनाट मुळीच नाही. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्समध्ये जन्मली, रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ साली दिली, लिनक्स १९९१ साली आली. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिले ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली त्या यादीत ६३ वा होता. अशा महासंगणकांवर काम करणारे शास्त्रज्ञही शेवटी एका काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करूनच आपला प्रोग्रॅम कंपाइल करतात.

तिसरा आक्षेप अगदी आजचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता मागेल तो प्रोग्रॅम क्षणात लिहून देते, मग शिकायचे कशाला? मला वाटते, म्हणूनच शिकायचे. लिहून देणारा आयता मिळाला आहे; तपासणारा मिळालेला नाही. पूर्णांकी भागाकाराची ती शून्य व्याजाची चूक माणसाने केली काय किंवा यंत्राने केली काय, कंपायलर गप्पच राहणार. ती ओळखायला उत्तर आधी कागदावर काढून ठेवणारा माणूस लागतो, आणि तो वाणिज्य शाखेचाच असू शकतो. सगळेच तपासता येत नाही हेही मान्य केले पाहिजे. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दाखवून दिले की, खुद्द कंपायलरमध्येच लबाडी दडविली तर मूळ प्रोग्रॅम कितीही वाचला तरी ती सापडणार नाही. लेखापरीक्षकही प्रत्येक पावती तपासू शकत नाही. म्हणून कोणी लेखापरीक्षण बंद करीत नाही.

चौथा आक्षेप, हे आपले काम नव्हे. यावर मी टॅलीचीच कथा सांगेन. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरविण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले चिरंजीव भरत यांना ती तयार करायला सांगितले. १९८६ साली त्यातून जी कंपनी उभी राहिली तीच पुढे टॅली या नावाने घरोघर पोचली. म्हणजे आपण ज्या प्रणालीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावतो, ती व्यापाऱ्याच्या गरजेतून व्यापाऱ्याच्या घरातच जन्मली. हिशेब कळणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा एकाच घरात होते, म्हणून हे घडले. आपल्याकडे हे दोघे दोन वेगळ्या इमारतींत बसतात आणि त्यांची भेट फक्त उपाहारगृहात होते.

आता गुरुजनांपुढे एक नम्र सूचना. यासाठी पैसा लागत नाही. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या विंडोजला चालत नाहीत अशी जुनी यंत्रे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून पडून राहणार आहेत. त्यांतील पाच-सहा यंत्रांवर लिनक्स घालावी. ती फुकट आहे आणि जीसीसीही फुकट आहे. आठवड्यातून एक तास, दहा आठवडे, वाणिज्य शाखेसाठी राखून ठेवावा. पहिला प्रोग्रॅम सरळ व्याजाचा. दुसरा घसाऱ्याचा, सरळ रेषा पद्धतीने आणि ऱ्हासमान शेष पद्धतीने. तिसरा वस्तू व सेवा करासह बिलाचा, ज्यात पैसे पूर्ण रुपयांत कसे आणायचे ते ठरवावे लागेल. चौथा कर्जाच्या हप्त्यांचा. प्रत्येकाचे उत्तर आधी वहीत, मग यंत्रावर. विज्ञान शाखेच्या मित्रांनी आज्ञा शिकवाव्यात, आपण त्यांना तेरीज शिकवू. भिंतीवर एका बाजूला मराठीत आणि एका बाजूला कन्नडमध्ये दहा-बारा आज्ञांचा तक्ता लावावा. हा तक्ता तयार करण्याचे काम अंगावर घ्यायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आनंदाने तयार आहोत.

सर्वांनी प्रोग्रॅमर व्हावे असा माझा आग्रह नाही. टॅली सोडावी असेही मी म्हणत नाही. दुकान चालवायचे तर टॅलीच बरी. दहा तासांत कोणी पंडित होत नाही. पण ज्याने एकदा मुद्दल, दर आणि मुदत स्वतः मांडली आहे, चुकीच्या ओळीचा आकडा वाचून दुरुस्ती केली आहे, आणि कंपायलर गप्प राहिला तरी उत्तर वहीशी ताडून पाहिले आहे, तो पुढे कोणत्याही कचेरीत कोणत्याही पडद्यासमोर बसला तरी आकड्याला नमस्कार करून मोकळा होणार नाही. तो विचारील, हा आला कोठून? आणि समोरच्या माणसाला त्याचे उत्तर, त्याला समजेल अशा भाषेत देईल. हिशेबनीसाचे काम शेवटी तेच तर आहे.